वत्सलाबाई, तुम्हाला मत नव्हतं

वत्सलाबाई, तुम्ही मला कधी साहेब म्हणाला नाहीत. युनियनचा सेक्रेटरी झाल्यावर कापसाच्या प्रेसवरची माझ्या बरोबरीची माणसंसुद्धा मला साहेब म्हणू लागली होती, आणि खरं सांगतो, मला ते आवडायलाही लागलं होतं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत ‘भाऊ’ म्हणालात. रागातसुद्धा. फक्त रागात असलात की ‘भाऊ’ म्हटल्यावर जरा थांबायचात, आणि मग पुढचं बोलायचात. त्या थांबण्याची मला धास्ती वाटायची.

मायाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “काका, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. तोंड कसंबसं धुतलं आणि तुमच्या गावाला, लोहाऱ्याला निघालो. वाटेत आपला कापसाचा कारखाना, आपली जिनिंग लागली. आता तिथे सिमेंटच्या पत्र्यांचं गोदाम आहे. फाटकाशी ऑटो हळू करायला सांगितला, पण उतरलो नाही. उतरून कोणाला काय सांगणार होतो?

तुमच्याबद्दल कोणी विचारलं तर मी सांगतो, की वत्सलाबाई आमच्या युनियनच्या होत्या. हे खोटं आहे. तुम्ही युनियनमध्ये कधीच नव्हतात. आम्ही तुम्हाला घेतलंच नाही.

तुम्ही पहिल्यांदा युनियनच्या खोलीवर आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बसस्टँडमागे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली. लाकडी जिना इतका अरुंद, की वर येणाऱ्यासाठी खाली जाणाऱ्याला थांबावं लागे. तुम्ही जिनिंगमधून थेट आला होतात. भुवयांवर रुईचे बारीक तंतू, पदर कमरेला खोचलेला. आम्ही पुरुष बारमाही मस्टरवरचे, फिटर, प्रेसवाले, रुईच्या गाठी बांधणारे. तुम्ही बायका सीझनच्या. दिवाळीच्या सुमाराला कापूस यायला लागला की यायचं, सरकी काढणाऱ्या जिनांच्या रांगेपुढे उभं राहून दिवसभर कापूस टाकायचा, आणि उन्हाळ्यात कापूस संपला की घरी. तुम्ही म्हणालात, “भाऊ, मेंबर व्हाचा फारम द्या.”

मी हसून सांगितलं, की घटनेप्रमाणे वर्षभर मस्टरवर असलेलाच कामगार सभासद होऊ शकतो.

“कोणत्या घटनेप्रमाणे?”

“आपल्या युनियनच्या.”

“वाचून दाखवा.”

मी वाचून दाखवलं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या. तुम्ही म्हणालात, आणखी एकदा वाचा. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणालात, “मी सात सीझन काम करून राह्यली. चार महिने जिनिंगच बंद राह्यते, तं मी वर्षभर कशी येऊ? चूक माही का मशीनची?” मग थोडं थांबून, “आमच्या घरी घटना हा शब्द काढला तं म्हातारेकोतारे उठून बसतात, भाऊ. अन् तुमच्या घटनेत आमी बसतच नाही.”

मी तेव्हा शब्द दिला होता. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणतो, घटना दुरुस्त करतो, तुम्हा सगळ्यांना सभासद करून घेतो. त्या क्षणी मी मनापासून बोललो होतो. एवढं तरी माझ्या बाजूनं धरा.

पुढच्या दोन-तीन वर्षांत कापसाचं सगळंच बिघडलं. बोंडअळीनं शेतं खाल्ली, उरलेल्या मालाला भाव नाही, खरेदी कधी सुरू तर कधी बंद. जिनिंगला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या आणि सीझन आखडला. कापूस कमी आणि कामाला येणारी माणसं जास्त, अशी उलटी अवस्था. ज्या घरच्या बायका कधी शेताबाहेर कामाला गेल्या नव्हत्या त्या सकाळी डबा घेऊन फाटकाशी उभ्या राहू लागल्या. मालकाला हे फारच सोयीचं झालं. तो रोज सकाळी मुकादमाला बोट दाखवायला सांगायचा. तू ये, तू ये, तू घरी जा. सात-आठ सीझन काम केलेल्या बाईलासुद्धा आज काम आहे की नाही हे फाटकाशी उभं राहूनच कळायचं.

त्यातूनच संप झाला. आणि तो तुम्ही बायकांनी केला, वत्सलाबाई. आम्ही मागून आलो. एका सकाळी मुकादमानं पंचफुलाबाईंना परत पाठवलं. त्या वयानं तुमच्याहून थोड्या मोठ्या, आणि जिनांच्या रांगेत तुमच्या शेजारी उभ्या राहायच्या. तुम्ही आत शिरलेल्या होतात. तुम्ही परत बाहेर आलात आणि फाटकासमोर खाली बसलात. तुमच्यामागून एकेक करत सगळ्या. अर्ध्या तासात जिनं थांबली. प्रेससाठी रुईच नाही, तेव्हा आम्हीही बाहेर आलो. त्याच दुपारी मी मागण्यांचं पत्र लिहिलं. पहिली मागणी तुमची: मागच्या सीझनला काम केलेल्या बायकांची यादी लावायची आणि नवा सीझन सुरू झाला की त्या यादीप्रमाणे बोलवायचं. दुसरी मागणी आमची, प्रेसवर वर्षभर बदली म्हणून राबणाऱ्या माणसांना कायम करायचं. तुमची मागणी वर मीच लिहिली होती. माझ्या हातानं.

त्या संपात मी फाटकावर पहिलं भाषण केलं. आवाज कापत होता. तुम्ही समोरून ओरडलात, “भाऊ, मांगच्यायले ऐकू येत नाही!” लोक हसले, मीही हसलो, आणि आवाज मोकळा झाला. त्यानंतर मी कितीतरी भाषणं केली, जिल्हाभर केली. बोलायला मला तुम्ही शिकवलंत, हे कोणाला कधी सांगितलं नाही. त्याच दिवसांत माझी बायको सुशीला तापानं पडली होती आणि मी चार दिवस घरी गेलो नव्हतो. तुम्ही संध्याकाळी फाटकावरून उठून माझ्या घरी जाऊन भाकरी टाकून येत होतात. हे मला सुशीलानं बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

पाचव्या दिवशी मालकानं ट्रॅक्टरमध्ये बसवून बाहेरगावच्या बायका आणल्या. आमची माणसं काठ्या घेऊन उठली. मी त्यांना अडवलं नाही, हेही आज सांगून टाकतो. एक ट्रॅक्टर परत गेला की मालक वाकेल, असं माझ्या डोक्यात होतं. तुम्ही मधे गेलात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात लावून उभ्या राहिलात आणि त्या बायकांना नावं विचारू लागलात. कोणतं गाव, कोणाची सून, घरी कापूस किती निघाला. त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली, “बाई, आमाले काय माहीत अठी संप हाये थे.”

“माहीत नव्हतं ना? आता झालं माहीत,” तुम्ही म्हणालात. “खाली उतर. पाणी पे. आज नको जाऊ अंदर. आमची यादी लागली का मंग तुमचीबी लागन, मी स्वता सांगतो सेक्रेटरीले.”

त्या उतरल्या. पाणी प्यायल्या. दोन तास तुमच्यात बसल्या आणि त्याच ट्रॅक्टरनं परत गेल्या. एकही काठी चालली नाही. आमच्या अध्यक्षांना, म्हणजे वकीलसाहेबांना, मी हे रंगवून सांगितलं. ते म्हणाले, “बाई कामाची आहे, जरा जपून.” कशाला जपून, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी मला शहरात बोलावून घेतलं. टेबलावर करार टाईप होऊन तयार होता. बदली माणसं कायम करायला मालक तयार झाला होता. तुमच्या यादीच्या जागी एकच वाक्य होतं: हंगामी महिला कामगारांना गरजेनुसार प्राधान्याने बोलावण्यात येईल. मी ते वाक्य वाचून थांबलो. ‘गरजेनुसार’ हा शब्द राहिला तर पुढचं ‘प्राधान्याने’ मेलेलं होतं, हे कळायला वकिलाची गरज नव्हती.

मी म्हणालो, “साहेब, मला एक तास द्या. सायकलनं जाऊन बायकांना विचारून येतो.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, वत्सलाबाई, हे तुम्हीही मानायचात. त्यांनी फक्त विचारलं, “त्या सभासद आहेत का?”

“नाहीत.”

“मग विचारणार कोणत्या अधिकारात? आणि त्या नाही म्हणाल्या तर? तुमच्या सभासदांना मिळतंय ते तुम्ही घालवणार?”

मी सही केली. त्या खोलीपासून फाटकापर्यंत सायकलनं वीस मिनिटं लागत. तुम्ही तिथे बसलेल्या होतात. इतकी वर्षं मी या गोष्टीसाठी बरीच कारणं गोळा केली. संप फुटायला आला होता, माणसं थकली होती, पुढच्या करारात सुधारणा करता आली असती. सगळी खरी असतील. पण मी आलो नाही, विचारलं नाही, हे त्या कारणांच्या आधी घडलेलं आहे.

फाटकावर गुलाल उधळला. माणसांनी मला खांद्यावर घेतलं. तुम्ही गर्दी ओसरेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, “भाऊ, वाचून दाखवा.” मी वाचलं. तुम्ही पुन्हा वाचायला सांगितलं नाहीत. “गरजेनुसार म्हंजे कोनाच्या गरजेनुसार?” असं विचारलंत. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही पदर झटकलात, चपला शोधल्या आणि पंचफुलाबाईंना घेऊन लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलात.

पुढच्या सीझनला फाटकासमोर बसलेल्या एकाही बाईला बोलावणं आलं नाही. ज्या ट्रॅक्टरमधून परत गेल्या होत्या त्यांनाच मालकानं आधी बोलावलं. त्यातल्या दोघी तुमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही सांगाल तर नाही जात. तुम्ही त्यांना जा म्हणालात. हेसुद्धा मला दुसऱ्यांकडून कळलं. आणि मी त्या वर्षी जिल्ह्याचा सहचिटणीस झालो.

तुम्ही कापूस वेचायला जाऊ लागलात, मग औद्योगिक वसाहतीत झाडलोटीला. पण युनियनची वार्षिक सभा असली की तुम्ही यायचात. आत बसायचा हक्क नव्हता म्हणून दाराशी उभ्या राहायचात. सभा संपून मी जिन्याशी आलो की विचारायचात, “भाऊ, थो ठराव आला का?” ठराव कार्यक्रमपत्रिकेवर असायचा. शेवटचा विषय म्हणून असायचा. त्याआधी अहवाल, निवडणूक, सत्कार, आणि मग वेळ संपायची. तीन वर्षं असं झालं. चौथ्या वर्षी तुम्ही आला नाहीत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आता तो ठराव दरवेळी मीच शेवटी का ढकलला, हे लिहितो. तुम्ही समोर असताना माझ्या तोंडून निघालं नाही. वत्सलाबाई, बायका आमच्या दुपटीहून जास्त होत्या. तुम्हाला मत मिळालं असतं तर पुढच्या निवडणुकीत मी सेक्रेटरी राहिलो नसतो. तुम्ही झाला असतात. लोकांनी तुम्हालाच निवडलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मालकाची भीती मला कधीच वाटली नाही. तुमची वाटली. ज्या माणसानं आयुष्यभर एकजुटीवर भाषणं केली त्यानं आपली खुर्ची राहावी म्हणून युनियन अर्धीच ठेवली. आणि अर्ध्या युनियनचं काय होतं, ते पुढे दिसलंच.

काही वर्षांनी मालकानं जिनिंग ठेकेदाराला चालवायला दिली आणि आम्हा कायम माणसांना घरी बसायची नोटीस लावली. आम्ही संप पुकारला. प्रेस बंद पाडली. पण जिनं सुरू राहिली, कारण बायका ठेकेदाराच्या होत्या. रुई बाहेर दुसऱ्या प्रेसला जाऊ लागली. आमची माणसं बायकांना घाण घाण बोलायला लागली. तेव्हा मी तुमच्या घरी आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माया तेव्हा शाळेत जायची, तिनं पाणी दिलं. तुम्ही चुलीपुढून उठलात, हात पुसले, खुर्ची पुढे केली.

मी म्हणालो, “वत्सलाबाई, तुमचं त्या ऐकतील. फक्त आठ दिवस आत जाऊ नका म्हणा.”

“मी कोनत्या नात्यानं सांगू, भाऊ?” तुम्ही थांबलात. “थो ठराव करून आनला का?”

“संप झाला की करतो.”

“दरखेपी नंतरच.” तुमच्या आवाजात राग नव्हता. रागावल्या असतात तर मला सोपं गेलं असतं. “त्यायले मी अडवणार नाही. त्यायचे लेकरं उपाशी ठेवाचा मले हक नाही, अन् तुमच्यासाठी तं नाहीच. पण तुम्ही एकले पडले म्हंता, तं मी येतो तुमच्यासंग उभी राह्याले.”

आणि तुम्ही आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या शेजारी फाटकावर उभ्या होतात. बायका एकेक करून आत जात होत्या. जाताना तुमच्याकडे बघून मान हलवत होत्या, तुम्हीही हलवत होतात. एकीलाही तुम्ही थांबवलं नाहीत. आमची माणसं मात्र त्या दिवशी शिव्या देऊ शकली नाहीत. तुम्ही तीन दिवस आलात. चौथ्या दिवशी आमच्यातलीच निम्मी माणसं हिशेब घेऊन मोकळी झाली आणि संप संपला. मी झेंडा काढत होतो तेव्हा तुम्ही काठी धरलीत.

त्यानंतर आपण अधूनमधून भेटत राहिलो. एकदा एसटीत, एकदा दवाखान्याच्या रांगेत, मायाच्या लग्नात. दरवेळी मी ठरवायचो, की आज सांगायचं. आणि दरवेळी गुडघ्यांबद्दल बोलायचो. तुम्हाला दमा लागला होता. रुईच्या धुळीनं, असं डॉक्टर म्हणाले. मागण्यांच्या त्या पत्रात तोंडाला बांधायच्या फडक्यांचीही एक मागणी होती. ती कोणत्या पायरीवर गळाली, मला आठवत नाही. मला आठवत नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटचं तुम्हाला भेटलो ते सरकारी दवाखान्यात. नाकाला नळी होती. बोलताना धाप लागत होती, तरी मायाचं सांगत होतात. माया आशा वर्कर आहे, त्यांच्या संघटनेत तालुक्याला निवडून आली. “मतदान झालं, भाऊ,” तुम्ही म्हणालात. “चिठ्ठ्या टाकून. मायालेबी मत, अन् जे नवीन लागल्या त्यायलेबी मत.” तुमचा चेहरा इतका खुललेला होता, की सांगायची वेळ तीच होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, “तुम्ही आराम करा, जास्त बोलू नका.” तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मी चादर नीट केली आणि निघालो. तेरा दिवसांनी तुम्ही गेलात.

मागच्या रविवारी तुमचं पुण्यानुमोदन झालं. तुमच्या आठवणीसाठी लोहाऱ्याचं बुद्धविहार भरलेलं होतं. वंदना झाली, आणि मायानं मला बोलायला उठवलं. मी उभा राहिलो तेव्हा मनात नेहमीचंच भाषण होतं, लढवय्या बाई, चळवळीचा आधार. समोर त्या सगळ्या बसलेल्या होत्या, आता म्हाताऱ्या झालेल्या, काही तुमच्यासारख्याच धापा टाकणाऱ्या. मी ते भाषण सोडलं. टेबलावरचा करार, एका तासाची गोष्ट, सही, शेवटी ढकललेला ठराव, माझी भीती, सगळं सांगितलं. आवाज पुन्हा पहिल्या भाषणातल्यासारखा कापत होता. या वेळी कोणी ओरडलं नाही.

मग पंचफुलाबाई बसल्या जागेवरून बोलल्या.

“आमाले मालूमच होतं, भाऊ. वत्सलाले तं पयल्यापासून मालूम होतं. आमी म्हनो, जाऊन त्याले इचार, चारचौघात इचार. थे म्हने, नाही. थो मानूस वाईट नाही, एक ना एक दिवस आपल्या तोंडानं सांगन.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “दवाखान्यातून तुम्ही गेलते ना, त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यापाशी होती. मी इचारलं, आज बोलला का? तं म्हने, आज बोलणार होता, पन नाही बोलला. पुन्हा येईन थो.”

मी खाली बसलो. मायानं सगळ्यांना जेवायला बसायला सांगितलं. पंगत बसली आणि मला जागा सापडेना. पंचफुलाबाई थोड्या सरकल्या आणि त्यांच्या शेजारी मला जागा झाली. त्यांनी माझ्या ताटात खीर वाढायला सांगितलं. जेवण होईपर्यंत, वत्सलाबाई, त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.